वक्तशीर माणसाचा सर्व्हर

सोमवार, १३ जानेवारी. सकाळी ६:०० (बरोबर)

आज भोगी. जुनं घराबाहेर काढायचा दिवस. गल्लीत सगळ्यांनी फाटक्या चटया, तुटक्या केरसुण्या काढल्या. मी गिरिधर भावजींच्या त्रेसष्ट कॅसेट काढल्या आणि भंगारवाल्याला दिल्या. त्यांना बुरशी लागली होती. सगळं रेकॉर्डिंग मी डिसेंबरातच कॉम्प्युटरवर उतरवलंय. एकदा काम झालं की झालं.

महालक्ष्मीने विचारलं, अक्काला विचारलंत का? (महालक्ष्मी म्हणजे माझी बायको. ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, पण एकतीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात सुपरिटेंडेंट होतो, नोंद पक्की ठेवायची सवय आहे.) म्हटलं, अक्काला सरप्राइज.

दुसरी नोंद : ही डायरी पुणेरी मराठीत लिहायची. घरात आम्ही आमची तंजावरी बोलतो. पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात आणि म्हणतात, किती गोड, अगदी जुन्या बखरीसारखं. लिहिताना तरी बखर नको.

सोमवार, १३ जानेवारी. सकाळी ११:२०

प्लॅन. रविवारी ९ फेब्रुवारीला भावजींचा शताभिषेक. ऐंशी पूर्ण. सकाळी दारासुरमला त्यांच्या घरी होम, दुपारी सगळे आमच्याकडे कुंभकोणमला, हॉलमध्ये भजन. भावजी रेल्वेत स्टेशनमास्तर होते आणि चाळीस वर्षं जवळच्या मरुदानल्लूर मठाच्या भजनात पहिल्या रांगेत बसून गायले. दोन वर्षांमागे घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता पाटीवर लिहून बोलतात. अक्का म्हणजे गोमती, माझी थोरली बहीण, भावजींची बायको. तिला मी शब्द दिलाय : त्या दिवशी भावजींचा आवाज भावजींना ऐकवीन.

अक्का रडली. मीही थोडा.

गुरुवार, १६ जानेवारी. दुपारी ३:०१

राहुकाळ तीनला संपला, ३:०१ला काम सुरू.

माडीवर हरिणीचा (मुलगी, चेन्नई, सॉफ्टवेअर) जुना कॉम्प्युटर होता. त्यावर लिनक्स घातलं. आता तो सर्व्हर. रेकॉर्डिंग त्यात राहील आणि खाली हॉलमधल्या लॅपटॉपवर नेटवर्कने ऐकू येईल. हरिणी फोनवर म्हणाली, अप्पा, पेन ड्राइव्ह पुरे. पेन ड्राइव्ह हा विषय या घरात संपलाय. डिसेंबरात एक माझ्या शर्टाच्या खिशात धुतला गेला. (दोष शर्टाचा. खिसा खोल होता.)

मग ती म्हणाली, साधा पासवर्डवाला शेअर करा, दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटांचं काम मी आयुष्यात केलेलं नाही. आठवडाभर व्हिडिओ पाहून केर्बेरॉस निवडलंय. मोठमोठ्या संस्था हेच वापरतात. केर्बेरॉस हा दारवान. तो आधी तिकीट देतो, ते दाखवलं तरच फाइल मिळते. तिकिटावर वेळ असते, आणि दोन मशीनच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला की तो आत सोडतच नाही. हे वाचून मन भरून आलं. वक्तशीर माणसासाठीच बनवलंय.

गुरुवार, १६ जानेवारी. संध्याकाळी ५:४०

मशीनने विचारलं, वेळ इंटरनेटवरून घेऊ का? म्हटलं, मुळीच नको. हॉलमध्ये आपलं घड्याळ असताना उसनी वेळ कशाला? खाली जाऊन वेळ पाहिली, धावत वर येऊन टाइप केली. जिना चढायला नऊ सेकंद लागतात, तीही धरली.

हॉलचं घड्याळ लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. चावी महालक्ष्मीच देते. मला स्टुलावर चढू देत नाही, पडाल म्हणते. मी मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी त्यावरून लावतो. मोबाईलवर विसंबत नाही. तो बारा मिनिटं मागे असतो. चेन्नईहून टॉवर टॉवर करत इथे येईपर्यंत वेळ शिळी होत असणार.

शुक्रवार, १७ जानेवारी. सकाळी ७:२२

दारासुरमची ७:१०ची टाउन बस आज पुन्हा बारा मिनिटं उशिरा. तीस वर्षं बघतोय. कंडक्टरला सांगितलं, निदान रोज वेगवेगळा उशीर करा. तो हसला.

रविवार, १९ जानेवारी. सकाळी १०:१५

सुरक्षा. रेकॉर्डिंगची ही एकच प्रत उरली आहे, कोणी पुसायला नको. म्हणून सर्व्हरचे इतर सगळे दरवाजे बंद केले. नेटवर्कने आत जायचं तर केर्बेरॉसच्याच दारातून. पेन ड्राइव्ह लावायच्या सगळ्या भोकांत नळदुरुस्तीची पुट्टी भरली. भरता भरता स्पीकरच्या भोकातही गेली. हरकत नाही, स्पीकर खालीच लागणार. कीबोर्ड जुन्या गोल पिनेचा आहे, तो वाचला.

महालक्ष्मी माडीवर येऊन बघून गेली. प्रभावित झाली असावी.

पासवर्ड बावीस अक्षरी ठेवला. कागदावर लिहून तांदळाच्या डब्यात ठेवला.

बुधवार, २२ जानेवारी. दुपारी १:३१

राहुकाळ संपताच पहिली चाचणी. लॅपटॉप म्हणाला : access denied.

ठीक आहे. पहिल्या प्रयत्नात चालणारी वस्तू फार काळ टिकत नाही.

बुधवार, २२ जानेवारी. संध्याकाळी ६:००

Access denied. अकरा वेळा. पासवर्ड बरोबर आहे. (डब्यात तीनदा हात घालून पाहिलं. महालक्ष्मीने आता डबा वरच्या फळीवर ठेवलाय.)

शनिवार, २५ जानेवारी. सकाळी १०:३१

इंटरनेटवर एका सज्जन माणसाने 'लिनक्सवर केर्बेरॉस चालत नसेल तर दहा कारणं' अशी यादी दिली आहे. छापून घेतली, भिंतीला चिकटवली. पद्धतशीर जायचं.

कारण एक : दोन्ही घड्याळं जुळतात का पाहा.

आमच्याकडे संभवत नाही. खोडलं. कारण दोनपासून सुरुवात.

मंगळवार, २८ जानेवारी. दुपारी २:१०

कारण दोन (मशीनची नावं) : झालं. कारण तीन (चावीची फाइल) : दोनदा झालं. Access denied.

अक्का आणि भावजी आले होते, आमंत्रणांची यादी करायला. भावजी हॉलमध्ये बसले, हॉलच्या घड्याळाकडे बराच वेळ पाहिलं, मग मनगटाकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं : "तुझें घड्याळ पाहा." मी म्हटलं, भावजी, काळजीच नको, सगळं वेळेत होईल, अजून बारा दिवस आहेत. आणि त्यांना पुढचं लिहायला सोपं जावं म्हणून पाटी पुसून दिली. त्यांनी महालक्ष्मीकडे पाहिलं. महालक्ष्मी घाईने म्हणाली, कापी (कॉफी) आणतें.

स्टेशनमास्तर शेवटी स्टेशनमास्तरच. वेळेची कदर करणारी माणसं कुंभकोणमात दोनच. दुसरे ते.

शनिवार, १ फेब्रुवारी. दुपारी १२:००

कारण चार, पाच, सहा : झाली. नवीन केबलही आणली, निळी. निळ्या केबलने access denied जरा लवकर येतं. प्रगती.

निश्चय : आजपासून रागवायचं नाही. वाध्यार (आमचे भटजी) होमाची वेळ सांगायला अकराला येणार होते, ११:१२ला आले. तरी रागावलो नाही. फक्त घड्याळाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, सार, तुमच्या घरी आलं की मला नेहमी उशीरच कसा होतो?

मी म्हटलं, सवय.

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ९:०५

सर्व्हर पुसून सगळं पहिल्यापासून घातलं. (रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर आहे, तिला हात लावला नाही.) वेळ पुन्हा हॉलच्या घड्याळावरून. या वेळी जिना आठ सेकंदांत. व्यायामाचा फायदा होतोय.

Access denied.

बुधवार, ५ फेब्रुवारी. संध्याकाळी ५:३०

हरिणीचा फोन. म्हणाली, अप्पा, कारणं राहू द्या, लॉग वाचा. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. काय घडलं ते यंत्र वेळेसकट लिहून ठेवतं. मला कल्पना आवडली. आपल्यासारखाच कोणीतरी माडीवर बसून लिहितोय.

वाचला. ओळीमागून ओळ एकच वाक्य : Clock skew too great. म्हणजे घड्याळांत फार फरक आहे म्हणे.

हरिणी म्हणाली, मग झालं तर, सर्व्हरची वेळ बघा. मी तिला शांतपणे सांगितलं की सर्व्हरची वेळ मी स्वतः लावली आहे, दोनदा, जिन्यासकट. ती म्हणाली, अप्पा, लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर किती वाजलेत ते तरी वाचून दाखवा. लॅपटॉप तिचाच, चेन्नईहून आलेला, तो मागे असणारच. चेन्नईची माणसंही कुठे वेळेवर येतात? फोन ठेवला.

स्वतःच्या चुकांसाठी कायम दुसऱ्याला दोष देणारी रोजनिशी. असलं लिखाण मला आवडत नाही. लॉग बंद केला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. सकाळी ८:४०

अक्काचा फोन. म्हणाली, रविवारी येतांना त्या कॅसेट आणून देवापुढें ठेव, फूल वाहूं, चाळीस वर्षांची सेवा आहे ती. मी म्हटलं, सरी (बरं). दुसरं काय म्हणणार?

कॅसेट भंगारात. रेकॉर्डिंग कुलपात. कुलूप मीच घातलेलं.

आज खरं लिहितो : भीती वाटते. भावजी भजनाचा क्रम पाटीवर लिहून देतात ना, कोणत्या अभंगानंतर कोणता, तशी त्यांनी यादी करून पाठवली आहे. आपलाच आवाज कुठल्या क्रमाने ऐकायचा, त्याची यादी.

शनिवार, ८ फेब्रुवारी. सकाळी १०:३५

महालक्ष्मीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, कॉम्प्युटरचा डबा खाली आणूं, त्यालाच स्पीकर लावूं. पुट्टीची आठवण करून दिली. ती म्हणाली, मग पेन ड्राइव्ह. पुट्टीची आठवण करून दिली. ती खाली बसली आणि म्हणाली, काय हो, त्या यादीतलें पहिलें कारण काय होतें?

म्हटलं, ते लागू नाही.

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग शोकेसमधल्या माझ्या ढालीकडे (निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने दिलेली, 'वक्तशीरपणाचा आदर्श'), आणि उठून खोबरं किसायला गेली.

कारण सात ते दहा : आज दिवसभरात. उद्या चालणार. चालायलाच हवं.

रविवार, ९ फेब्रुवारी. दुपारी ३:५०

दारासुरमचा होम सुरेख झाला. भावजी कलशाचं पाणी डोक्यावर घेताना लहान मुलासारखे हसत होते. आता हॉलमध्ये चाळीस माणसं. मृदंग जुळवून तयार. साडेचारला राहुकाळ लागतो, त्याआधी पहिला अभंग सुरू व्हायलाच हवा. एकदा सुरू झाला की मग हरकत नाही.

Access denied.

रविवार, ९ फेब्रुवारी. दुपारी ४:१५

Access denied. चाळीस माणसं माझ्याकडे बघताहेत. मृदंगवाल्याने मृदंग पुन्हा जुळवला, काही काम नाही म्हणून.

रविवार, ९ फेब्रुवारी. संध्याकाळी ७:००, कुठल्या घड्याळाचे ते पुढे

क्रमाने लिहितो.

हॉलच्या घड्याळात साडेचारचा ठोका पडला. राहुकाळ लागला. मी लॅपटॉप मिटला, उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर अक्काला सांगितलं. कॅसेट मी भोगीला भंगारात दिल्या, रेकॉर्डिंग आत अडकलंय, आणि आता वेळही गेली. अक्काने हातातला टाळ खाली ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

भावजींनी पाटी घेतली. लिहिलं आणि माझ्यासमोर धरली : "अजून ४:१८ आहेत."

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली, आणि खाली लिहिलं : "तें बारा मिनिटें पुढें आहे. पहिल्यापासून." आणि आपला हात पुढे केला. रेल्वेचं घड्याळ. ४:१८. शेजारी वाध्यार बसले होते, त्यांनी मोबाईल दाखवला. ४:१८. मग हॉलमधल्या चाळीस माणसांनी एकेक करून मोबाईल काढले. मृदंगवाल्यानेसुद्धा.

मी महालक्ष्मीकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत होती. हात कोरडेच होते.

तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. सर्व्हर बारा मिनिटं पुढे, लॅपटॉप बरोबर, दारवान पाच मिनिटांच्या वर सोडत नाही. कारण एक!

जिना किती सेकंदांत चढलो ते मोजलं नाही. सर्व्हरला सांगितलं, बाबा, इंटरनेटवरून घे वेळ, कोणाकडूनही घे. सेवा बंद करून सुरू केल्या. खाली येऊन जुनं तिकीट फेकलं, नवं मागितलं, बावीस अक्षरं टाइप केली. एक अक्षर चुकलं. पुन्हा टाइप केली.

फोल्डर उघडला. त्रेसष्ट फाइली एकाखाली एक.

खरे ४:२७. भावजींच्या यादीतला पहिला अभंग लावला. आधी खरखर, मग कोणीतरी खोकलं, मग तो आवाज. भरदार, थोडा नाकातला, वरच्या सुरावर जरा थांबून पुढे जाणारा. हॉलमध्ये कोणी हललं नाही. भावजींनी डोळे मिटले आणि मांडीवर ताल धरला. दुसऱ्या कडव्याला त्यांचे ओठ हलू लागले. आवाज लॅपटॉपमधून येत होता, पण मला शपथेवर विचाराल तर तो त्यांच्यातूनच येत होता. अक्का रडत होती आणि टाळ वाजवत होती, दोन्ही एकदम, आणि ताल चुकत नव्हता.

आठ अभंग झाले. मग भावजींनी पाटीवर माझ्यासाठी लिहिलं : "बुरशी होतीच. टाकल्यास तें बरें केलेंस." आणि अक्काने ते वाचून माझ्या पाठीत एक धपाटा घातला. माफी झाली.

रविवार, ९ फेब्रुवारी. संध्याकाळी ७:३० (खरे)

पाहुणे गेल्यावर महालक्ष्मीला विचारलं. तिने भांडी आवरता आवरता सांगितलं.

लग्न झालं त्या वर्षी मला ऑफिसात रोज उशीर व्हायचा. तीन मेमो आले होते. (हे मी विसरलो होतो. अजूनही नीट आठवत नाही.) चौथ्याला नोकरी गेली असती. तेव्हा माझ्या आईने आणि तिने मिळून घड्याळ पुढे केलं. दहा मिनिटं बससाठी, दोन मिनिटं मला चष्मा सापडेपर्यंत. चावी देताना दर आठवड्याला ती तेवढा फरक जपत आली. आई गेल्यावरही.

म्हणजे बस वेळेवर होती. वाध्यार वेळेवर होते. कॉलेजची घंटासुद्धा, जिच्याबद्दल मी प्रिन्सिपॉलना अकरा पत्रं लिहिली. आणि ही डायरी पहिल्या ओळीपासून बारा मिनिटं खोटी.

इतकी वर्षं सांगितलं का नाहीस, विचारलं. ती म्हणाली, तुम्ही वेळेवर जात होतां, आणिक काय सांगूं? आणि त्या ढालीवरची धूळ दर शुक्रवारी मीच पुसतें हो, ती माझीही आहे.

मी फडकं उचललं. टंबलर पुसायला घेतले.

निश्चय : घड्याळ मागे करायचं नाही. तिचं आहे, राहू दे. आता मला फरक ठाऊक आहे, मनात वजा करीन. ज्याला हिशेब कळतो त्याला घड्याळ पुढे असलं काय, मागे असलं काय.

सोमवार, १० फेब्रुवारी. सकाळी ७:१० (हॉलचे)

अक्काची भांडी परत द्यायला दारासुरमला निघालोय. बस ७:१०ची. घड्याळात ७:१०, म्हणजे खरे ६:५८. पूर्वी या वेळी मी स्टॉपवर घाम पुसत उभा असायचो. किती वेळ वाया गेला आयुष्यात! बारा मिनिटं हातात आहेत. एक कापी होईल.

सोमवार, १० फेब्रुवारी. सकाळी ७:३५ (हॉलचे)

कापी झाली. पेपर चाळला. चष्मा सापडत नव्हता, तो डोक्यावर होता. स्टॉपवर पोचलो तर बस नुकतीच गेलेली. अगदी वेळेवर गेली म्हणे. तीस वर्षांत पहिल्यांदा चुकली.

भांडी घेऊन परत आलो. महालक्ष्मीने भांड्यांकडे पाहिलं. स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून हॉलमध्ये घेऊन गेली.

मी माडीवर आलोय. घड्याळाचा काटा फिरवल्याचा आवाज इथपर्यंत येतोय. किती मिनिटं ते बघायला मी खाली जाणार नाही.